टूरिंगच्या बॅगा: कापडी की अ‍ॅल्युमिनियमची पेटी?

लांबच्या प्रवासासाठी नवी टूरिंग मोटारसायकल घेतली की पहिला मोठा खर्च मागं दोन्ही बाजूंना लावायच्या बॅगांवर होतो, आणि कोल्हापूरकराला तिथं पावसाचा विचार आधी करावा लागतो. जुलैत गगनबावड्याच्या पुढं घाट उतरताना पाणी वरून कमी, आडवंच जास्त येतं. कापडी बॅगेचं रेनकव्हर अशा वाऱ्यात फुगतं, खालून चाकाचे शिंतोडे येतात ते वेगळेच. त्यामुळं आत घालायची ड्राय बॅग (पाणी न शिरणारी पिशवी) धरूनच तिची किंमत मोजा. पेटीला रबरी सील आणि कुलूप असतं. मालवणात गाडी लावून निवांत जेवायला बसता येतं.

पण पेट्यांना लोखंडी फ्रेम लागते. फ्रेमसकट रिकामं वजनच दहा किलोच्या पुढं जातं. वर रुंदी! महाद्वार रोडच्या गर्दीत मागून कुणाचा तरी आरसा जाणारच. चिखलात गाडी आडवी झाली तर पाय पेटीखाली सापडण्याची भीती असते. कापडी बॅग दबते.

कापडी बॅगेला स्टे, म्हणजे तिला सायलेन्सरपासून लांब धरणारी आधाराची दांडी, मात्र हवाच, नाहीतर ती सायलेन्सरवर टेकून वितळते. उद्यमनगरात तो गाडीच्या मापानं वेल्डिंग करून मिळतो.

गोवा-कोकणाच्या फेऱ्या असतील तर माझं मत कापडीला. लडाखला जायचं असेल तरच पेटी. काहीही लावा, मागच्या शॉक अब्सॉर्बरचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवा आणि टायरमधली हवा मॅन्युअलमधल्या लोडच्या आकड्यानुसार भरा.