लिनक्स सर्व्हरचा दूरस्थ कारभार: पोर्ट २२ उघडे ठेवावे की वायरगार्डमागे?

भाड्याच्या लिनक्स सर्व्हरचा कारभार दुरून पाहायचा तर एसएसएच (दुसऱ्या संगणकावर सुरक्षित जोडणीतून लॉगिन करण्याची पद्धत) लागतेच. ठरवायचे एवढेच असते, की त्याचे पोर्ट २२, म्हणजे जोडणी स्वीकारणारे क्रमांकित दार, साऱ्या इंटरनेटला दिसू द्यायचे, की ते वायरगार्ड या व्हीपीएनच्या, म्हणजे ओळखीच्या यंत्रांपुरत्या खासगी जोडणीच्या, आड ठेवायचे. पासवर्डने लॉगिन हा पर्याय इथे धरलेलाच नाही. कारण नवा सर्व्हर चालू होऊन फार वेळ जात नाही, तोच ‘रूट’, ‘अ‍ॅडमिन’, ‘टेस्ट’ अशा नावांनी घुसण्यासाठी केलेल्या प्रयत्नांची लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) रीघ लागते.

पहिला मार्ग जवळजवळ फुकट आहे. एडी२५५१९ प्रकारची की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) तिला कुलूप घालणाऱ्या पासफ्रेजसह तयार करावी, रूटचे, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचे, थेट लॉगिन बंद करून साध्या खात्याने यावे आणि लागेल तिथे सुडो (तेवढ्यापुरते रूटचे अधिकार देणारी आज्ञा) वापरावे. पासवर्ड बंद झाला असे मात्र गृहीत धरू नये. एसएसएचचा सर्व्हर प्रत्येक सेटिंगचे पहिले सापडलेले मूल्य धरतो, त्यामुळे उबंटूमध्ये (लिनक्सच्या एका प्रकारात) क्लाउड-इनिट या सर्व्हरची सुरुवातीची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामने वेगळ्या फाइलमध्ये ‘येस’ लिहून ठेवले असेल आणि ती फाइल आधी वाचली जात असेल, तर मुख्य फाइलमधल्या आपल्या ‘नो’ला काहीच अर्थ उरत नाही. प्रत्यक्ष लागू असलेली सेटिंग ‘एसएसएचडी’ या एसएसएचच्या सर्व्हर-प्रोग्रामला कॅपिटल टी हा पर्याय देऊन पाहता येते.

दुसऱ्या मार्गाची बाजू जुलै २०२४ मध्ये भक्कम झाली. ओपनएसएसएच या एसएसएचच्या सॉफ्टवेअरच्या ८.५ ते ९.७ या आवृत्त्यांमध्ये लॉगिन होण्याआधीच रूटचा ताबा मिळवून देऊ शकणारी त्रुटी उघड झाली आणि ९.८ मध्ये ती दुरुस्त झाली. अशा हल्ल्यापुढे आपली की कितीही मजबूत असली तरी ती मध्ये येतच नाही. वायरगार्ड अनोळखी पॅकेटला उत्तरच देत नाही, आणि २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून ते लिनक्स कर्नेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे. पण लॅपटॉप बिघडला किंवा टनेल (वायरगार्डची जोडणी) तुटला, तर सेवादात्याच्या वेब कन्सोलखेरीज (ब्राउझरमधून थेट सर्व्हरवर जाण्याच्या सोयीखेरीज) वाट राहत नाही, आणि क्लाउड सर्व्हरवरील खात्याला बहुधा पासवर्डच नसल्याने तो आधी ठरवून दिलेला नसला, तर कन्सोलवरूनही आत जाता येत नाही.

एकच व्यक्ती, एक-दोन सर्व्हर आणि आपोआप लागणारी सुरक्षा अद्यतने असतील, तर माझ्या मते पहिला मार्ग पुरतो. ग्राहकांचा डेटा असेल किंवा अद्यतने लांबणीवर पडत असतील, तर वायरगार्ड घ्यावे, पण त्यामागेही की ठेवाव्यातच. पोर्ट बदलून २२२२ केल्याने लॉग तेवढा हलका होतो. बदल कोणताही असो, जुने सत्र उघडे ठेवून दुसऱ्या टर्मिनलमधून लॉगिन होते का ते पाहावे, आणि मगच पहिले बंद करावे.