सेकंडहँड टेम्पो, अकरा महिने : सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’

मायलेज, पासिंग, टायर यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. २०१२ चं मॉडेल, डिझेलचा पंप मेकॅनिकल, गेल्या सप्टेंबरात घेतलं. मिरकरवाड्याला बांगडा भरायचा, आंबा घाट चढायचा आणि पहाटे कोल्हापुरात उतरवायचा, एवढंच काम. भरलेला टेम्पो घाटात रडत नाही, त्याचे पूर्ण मार्क. केबिनला मासळीचा वास येतो, पण तो काय टेम्पोचा दोष नाही.

दोष एकच, इंजिनाची अर्थ वायर, म्हणजे सेल्फचा करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी वायर. मी बोलणार ते तिच्यावरच.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून टेम्पो दोन महिने ताडपत्रीखाली. १ ऑगस्टला चावी फिरवली तर टक्. परत टक्. पाचव्या वेळी सेल्फ अर्धा फेरा फिरून बसला. चौघांनी धक्का दिला, एका दमात चालू! म्हणजे डिझेल येतंय, पंप ठीक आहे, अडलंय ते सेल्फपाशी. एवढं तर मलाही कळलं. गॅरेजवाला म्हणाला, ‘शेठ, बॅटरी गेली.’ नवी बॅटरी ७,२०० ला, जुनी ९०० ला परत. तिसऱ्या दिवशी टक्. मग सेल्फ उतरवून त्यातले कार्बन (फिरत्या भागाला घासून करंट देणारे तुकडे) बदलले, १,४०० गेले. टक्.

या सगळ्यात ड्रायव्हर दोनदा सांगत होता, ‘दादा, ॲक्सिलेटरची केबल गरम लागते.’ मी म्हटलं, इंजिनाची गरमी असेल. अहो, पहाटे चारला थंड इंजिनाला कसली गरमी!

शेवटी होड्यांची इंजिनं करणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने पान्याला हातही लावला नाही. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनाच्या ब्लॉकला, आणि ‘मार सेल्फ.’ चालू. मग केबल काढून व्होल्ट मोजायचा मीटर लावला. निगेटिव्ह आणि ब्लॉक यांच्यात सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या आत दाखवायला हवं, दाखवलं ३.८. बारातले जवळपास चार व्होल्ट त्या वायरीतच जिरत होते. सेल्फचा करंट परतीला वाट शोधत ॲक्सिलेटरच्या केबलीतून जात होता, म्हणून ती तापत होती. ड्रायव्हरची मी माफी मागितली, मनातल्या मनात.

वायर वरून धडधाकट. बोल्ट सोडला तर खाली हिरवं किटण आणि तांब्याचा भुगा. क्रेटांतलं बर्फाचं खारट पाणी फळ्यांच्या फटीतून नेमकं तिथेच ठिबकतं. कंपनीने अर्थ तिथेच का मारली, हे मला अजून पटलेलं नाही. चेसिसला जागेची कमी आहे का? नवी वायर ३५०, मिस्त्रीने मजुरी म्हणून दोन सुरमया नेल्या. इथपर्यंत पाचपैकी दोन तारे.

दीड महिन्यानंतर : एक तारा वाढवतोय. परवा परत चालू होईना. पण या वेळी सेल्फ गरगर फिरत होता आणि सायलेन्सरला धुराची रेघ नाही. पांढरा धूर आला असता तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही म्हटलं असतं. धूरच नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. आदल्या दिवशी मीच डिझेलचा फिल्टर बदलला होता, जुनंच वॉशर लावून, दहा रुपये वाचवायला. तिथूनच हवा आत शिरली. फिल्टरवरचा एअर काढायचा बोल्ट सैल केला, हातपंप मारला, आधी नुसता फेस, मग सलग धार. नवं वॉशर, बोल्ट आवळला, वीस मिनिटांत काम. कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी नवी डिझेल यंत्रणा) असती तर हे असं रस्त्याकडेला बसून जमलं असतं असं मला वाटत नाही.

आता दर महिन्याला अर्थचा बोल्ट सोडून पॉलिश पेपर मारतो, ग्रीस लावतो. फळ्यांखाली रबरी मॅट टाकलीय.

जुनी बॅटरी मात्र डोक्यातून जात नाही. गॅरेजवाल्याने ती चार्ज करून आमच्याच वाडीतल्या एका होडीला विकली. टर्मिनलपाशी मी लावलेल्या लाल रंगावरून ओळखली. रात्री बंदरात दिवे लख्ख पेटतात तिच्यावर.