सिल्लारी गेटची सफारी: आम्ही तोतलाडोहचं पाणी बघायला गेलो

फेब्रुवारीत मामाजींना (माझे सासरे, वय ७६) घेऊन पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटमधून सकाळची सफारी केली. त्यांची एकच अट होती, वाघ दिसो न दिसो, तोतलाडोहचं, म्हणजे पेंच नदीवरच्या धरणाचं, पाणी बघायचं. २०१९ च्या जुलैत नागपूरला एक दिवसाआड पाणी यायचं, तेव्हा पहाटे चारला उठून टाकी भरणारे तेच होते. आमच्या नळाला येतं ते पेंचचंच पाणी. तोतलाडोहमधून खाली नवेगाव खैरीच्या धरणात जातं आणि तिथून शहरात.

बुकिंग ऑनलाइन आधीच केलं होतं, गेटवर ओळखपत्रं दाखवली आणि निघालो. जिप्सी उंच असते, म्हाताऱ्या माणसासाठी घरूनच छोटा स्टूल न्या.

वाघ दिसला नाही. गाइडला सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की आम्हाला काठाशी निवांत थांबायचंय. त्या पोराने मनापासून ऐकलं. आधी चितळांचा मोठा कळप लागला, मग झाडी विरळ झाली आणि एकदम पाणीच पाणी. बुडालेल्या झाडांचे वाळके बुंधे अजून उभे आहेत, त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. चक्रवाकांची जोडी उथळ पाण्यात चरत होती. चिखलावर एक ओंडका पडलेला वाटला, दुर्बिणीतून बघितलं तर मगर, जबडा उघडा ठेवून ऊन खात होती. मामाजी दहा मिनिटं तिच्यावरून नजर हटवेनात.

पाण्यापलीकडे मध्य प्रदेश. जलाशय ७२ चौरस किलोमीटरचा, त्यातला ५४ तिकडे. धरणावरची १६० मेगावॅट वीजही दोन राज्यांत वाटली जाते, त्यांना दोन वाटे, आपल्याला एक. एवढ्या पाण्यावर एकही होडी नाही, जाळं नाही. राष्ट्रीय उद्यान असल्याने मासेमारीला बंदी आहे. त्यामुळेच तिथे असली शांतता आहे.

ती शांतता मोडली एका दुसऱ्या जिप्सीने. "इथे काय आहे, चला," म्हणत मोठमोठ्याने बोलत आले आणि दोन मिनिटांत गेले. चक्रवाक उडाले. मला फार वाईट वाटलं.

दुर्बीण आणि जाड स्वेटर विसरू नका, उघड्या जिप्सीत थंडी हाडांत शिरते. मोठी बाटली भरून न्या. मामाजींनी गेटवर परतल्यावर आमच्या बाटलीतला शेवटचा घोट पिताना विचारलं, "हे पाणी आता घरी पोचायला किती दिवस लागत असतील?"