एसी/डीसी ऐकायचंय: सुरुवात बॉन स्कॉटपासून की ब्रायन जॉन्सनपासून?

एसी/डीसी हा ऑस्ट्रेलियन रॉक बँड नव्यानं ऐकू पाहणाऱ्याला बहुतेक जण एकच सल्ला देतात: 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम लाव. सल्ला चुकीचा नाही. जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बममध्ये त्याची गणना होते आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या अडीच कोटींहून जास्त प्रती गेल्या आहेत. पंचाईत पुढे होते. ऐकणारा तिथून १९८१, १९८३, १९८५ असे अल्बम ओळीनं लावत जातो, तिसऱ्यापर्यंत कंटाळतो आणि 'यांचं सगळं सारखंच' असा शेरा मारून मोकळा होतो. १९८० च्या आधीची पाच वर्षं त्याच्या कानावर पडतच नाहीत.

म्हणून हा आढावा. एका बाजूला आधीचा गायक बॉन स्कॉटचा काळ, म्हणजे १९७५ ते १९७९ मधले सहा अल्बम (ऑस्ट्रेलियातल्या हिशेबानं). दुसऱ्या बाजूला नंतरचा गायक ब्रायन जॉन्सनचा, १९८० ते २०२०, चित्रपटासाठी काढलेला संग्रह सोडून अकरा. माझा कौल आधीच सांगतो: सर्वात चांगला एक अल्बम जॉन्सनच्या काळातला आहे, पण सर्वात चांगले पाच निवडायला सांगितले तर त्यातले चार बॉनचे निघतील.

दोन्ही काळांत गाभा मात्र तोच. माल्कम आणि अँगस या यंग भावांनी १९७३ मध्ये सिडनीत बँड उभा केला. कुटुंब मूळचं ग्लासगोचं, १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात आलेलं. शाळेचा गणवेश घालून स्टेजभर धावणारा अँगस सगळ्यांना दिसतो, पण बँड चालवायचा माल्कम. त्याच्या ऱ्हिदम गिटारमध्ये साधे, मोकळे कॉर्ड असतात आणि दोन कॉर्डच्या मध्ये तो जागा सोडतो. त्या जागेतच ड्रमर फिल रडचा ठेका बसतो, एकही जादा टोला न मारता. रड १९८३ मध्ये बाहेर पडला आणि १९९४ मध्ये परतला. मधल्या अल्बमचे ड्रमर वाईट नव्हते, पण ठेका तसा झुलत नाही, हे लक्ष देऊन ऐकलं की जाणवतं. एवढं सोडलं तर दोन काळांतला फरक वाद्यांत शोधू नका. तो शब्दांत आहे, गळ्यात आहे आणि रेकॉर्डिंगमध्ये आहे.

शब्दांत बॉन पुढे आहे, आणि थोडाथोडका नाही. १९७४ मध्ये तो आला तेव्हा अँगसपेक्षा नऊ वर्षांनी मोठा होता आणि दोन-तीन बँडमध्ये उमेदवारी करून आलेला होता. त्याच्या गाण्यांत माणसं असतात: कडकी लागलेली, फसलेली, फसवणारी. 'डाउन पेमेंट ब्लूज'मधल्या गड्याकडे कॅडिलॅक आहे आणि पेट्रोलला पैसे नाहीत. 'इट्स अ लाँग वे टु द टॉप'मध्ये तो बँडच्या दौऱ्यांतली लूटमार, मारहाण आणि बुडालेली बिदागी हसत हसत मोजून दाखवतो आणि वर स्वतः बॅगपाइपही वाजवतो. 'राइड ऑन'मध्ये हाच वात्रट माणूस एकदम एकटा पडलेला ऐकू येतो. चावट द्वयर्थी बोलणं दोन्ही काळांत भरपूर आहे आणि आज त्यातलं बरंच कानाला खटकतं. बॉनच्या चावटपणाला निदान बुद्धीची धार असते आणि पुष्कळदा फजिती त्याची स्वतःचीच झालेली असते.

गळ्याच्या बाबतीत मात्र जॉन्सनला हलकं घेऊ नका. इंग्लंडच्या न्यूकॅसल भागातला हा गायक आधी जॉर्डी नावाच्या बँडमध्ये होता. त्याचा आवाज उंच, खरवडलेला, दोन्ही गिटारींच्या वरून सरळ आरपार जाणारा. बॉन गोष्ट सांगतो, जॉन्सन आरोळी ठोकतो. पन्नास हजारांच्या स्टेडियममध्ये आरोळीच पोचते. शिवाय गाण्यांचे शब्द फिके पडले याचं खापर एकट्या त्याच्यावर फोडता येत नाही. 'द रेझर्स एज'पासून (१९९०) शब्दही यंग बंधूंनीच लिहिले, जॉन्सन ते फक्त गात राहिला.

आता निवड कशी करायची? माझ्या मते नवख्या माणसानं दोनच अल्बम घ्यावेत आणि पाठोपाठ ऐकावेत: 'हायवे टु हेल' (१९७९) आणि 'बॅक इन ब्लॅक' (१९८०). दोन्हींत दहा-दहा गाणी, चाळीस मिनिटांच्या आसपास. दोन्हींचा निर्माता मट लँग. त्याआधी बँडचं रेकॉर्डिंग थोरला भाऊ जॉर्ज यंग आणि त्याचा जोडीदार हॅरी वांडा करत. बँड खोलीत वाजवतोय तसाच पकडायचा, ही त्यांची पद्धत. लँगनं कडा घासून घेतल्या, कोरस मोठे केले, मागच्या आवाजांची फळी उभी केली. 'हायवे टु हेल' अमेरिकेच्या यादीत १७ व्या क्रमांकापर्यंत गेला, तोवर तिथे यांना फारसं कुणी विचारत नव्हतं. १९ फेब्रुवारी १९८० रोजी लंडनमध्ये बॉन गेला, वय ३३. त्याच वसंतात बँड बहामाजमधल्या नॅसाऊला नवा गायक घेऊन पोचला आणि २५ जुलैला काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम बाजारात आला. म्हणजे एका वर्षाच्या अंतरानं तेच गिटारवादक, तोच बास, तोच ड्रमर, तोच निर्माता; बदलला फक्त गायक. रॉकच्या इतिहासात इतकी चोख तुलना क्वचितच करायला मिळते.

पहिला जास्त आवडला तर मागे जा. आधी 'पॉवरेज' (१९७८): त्यात हिट म्हणावं असं गाणं नाही, पण एकही फालतू नाही, आणि मला हा त्यांचा सर्वात शहाणा अल्बम वाटतो. मग 'लेट देअर बी रॉक' (१९७७), ज्याच्या शीर्षकगीताच्या रेकॉर्डिंगवेळी अँगसच्या अ‍ॅम्पमधून धूर येऊ लागला तरी जॉर्जनं थांबू दिलं नाही.

दुसरा जास्त आवडला तर क्रमानं पुढे जाऊ नका, उड्या मारा. १९८१ च्या 'फॉर दोज अबाउट टु रॉक'चं तोफांवालं शीर्षकगीत घ्या, बाकी नंतर पाहू. 'फ्लिक ऑफ द स्विच' (१९८३) त्यांनी स्वतःच रेकॉर्ड केला, ओबडधोबड आहे आणि माझा त्यावर जीव आहे, पण नवख्याला देणार नाही. पुढची खरी उडी 'द रेझर्स एज'वर, 'थंडरस्ट्रक' त्यातलंच. मग जॉर्जच्या हाताखाली ब्लूजकडे वळलेला 'स्टिफ अपर लिप' (२०००). 'ब्लॅक आइस' (२००८) पंधरा गाण्यांचा आहे, त्याला कात्री हवी होती. शेवटी 'पॉवर अप' (२०२०): माल्कम २०१७ मध्ये गेला, तरी यातल्या प्रत्येक गाण्यावर त्याचं नाव आहे, कारण रिफ (गिटारच्या छोट्या, परत परत येणाऱ्या धून) त्यानं आणि अँगसनं आधी जमवून ठेवलेल्या साठ्यातून आले.

लाइव्ह ऐकायचं तर बॉनसाठी 'इफ यू वाँट ब्लड', बराचसा १९७८ मध्ये ग्लासगोच्या अपोलो थिएटरात रेकॉर्ड झालेला. जॉन्सनसाठी २००९ चा ब्वेनोस आयरेसमधला रिव्हर प्लेटचा कार्यक्रम, पण तो पाहायचा. तिथे निम्मं काम गर्दीच करते.

बॉनचे अल्बम घेताना नावांवर विसंबू नका. 'हाय व्होल्टेज' या नावाचे दोन अल्बम आहेत. १९७५ चा ऑस्ट्रेलियन, आणि १९७६ चा बाकी जगासाठीचा, ज्यातली नऊपैकी सात गाणी खरं तर 'टी.एन.टी.' या दुसऱ्या ऑस्ट्रेलियन अल्बममधली आहेत. एकच घ्यायचा तर १९७६ चा घ्या. 'डर्टी डीड्स'चंही तसंच. १९७६ मध्ये तो अमेरिकन कंपनीनं नाकारला आणि जॉन्सन स्थिरावल्यावर १९८१ मध्ये तिथे काढला, गाण्यांची यादी बदलून. त्यामुळे अमेरिकेतल्या तारखेवरून तो जॉन्सनच्या काळातला वाटतो. गाणारा बॉनच आहे.