पायरियाच्या नावाखाली आईचे दात काढले, तुमच्या घरी असं होऊ देऊ नका

माझ्या आईचे वरचे सहा दात एका दुपारी काढून टाकले. ते काढायची गरज होती का, हे आधी कुणी तपासलंच नव्हतं. हे पुण्यात घडलं. तक्रार चालू आहे म्हणून दवाखान्याचं नाव लिहीत नाही, पण पद्धत मात्र सविस्तर लिहिते. ज्यांच्या घरी शुगर असलेली, हिरड्या सुजलेली वडीलधारी माणसं आहेत, त्यांना ती ओळखता आलीच पाहिजे.

सुरुवात झाली मोफत दंततपासणी शिबिरापासून. आई कराडहून भावाकडे राहायला आली होती आणि रविवारी त्याच्या सोसायटीत हे शिबिर होतं. तिचं वय 63, बरीच वर्षं शुगर, आणि तरुणपणापासून मिश्री लावायची सवय. हिरड्यांतून रक्त यायचं, खालची एक दाढ हलायची. शिबिरात छोट्या कॅमेऱ्याने तोंडातले फोटो काढले आणि टॅबवर मोठे करून दाखवले. दाताच्या मुळाशी साठलेलं काळं किटण आणि हिरडीतलं रक्त एवढं मोठं दिसल्यावर कुणाच्याही पोटात गोळा येईल. दुसऱ्या दिवशी लगेच फोन आला, "काकू, ओपीजी फुकट आहे, आजच्या आज या." ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे. आई-बाबा दोघंच गेले.

तिथे डॉक्टर जेमतेम भेटले. बाकी सगळं बोलणं एका सल्लागार मुलीने केलं. पायरिया सगळ्या तोंडात पसरलाय, पू रक्तातून हृदयाकडे जातोय, शुगर त्यामुळेच खाली येत नाही, एक जरी दात ठेवला तरी नवीन इम्प्लांट (हाडात बसवलेले कृत्रिम दात) खराब होतील. सगळे दात काढा, तीन दिवसांत फिक्स दात मिळतील. खर्च 3 लाख 80 हजार, आज ठरवलं तर 40 हजार कमी. बाबांच्या आधार-पॅनवर तिथेच कर्ज मंजूर झालं, फोनवर आलेला ओटीपी विचारून घेतला. संमतीपत्र इंग्रजीत होतं, ते कुणी वाचून दाखवलं नाही. त्या दिवशीची शुगरसुद्धा न बघता दात काढायला सुरुवात केली. "उरलेले परवा," असं सांगून घरी पाठवलं.

रात्री आईने फोन केला तेव्हा तोंडात बोळे असल्यामुळे तिचं बोलणं नीट कळत नव्हतं. "दुखत नाही गं, पण आरशात बघवत नाही," एवढं मला समजलं. पुढचं सगळं आम्ही थांबवलं, ओपीजी मागून घेतला आणि तिला मुंबईला आणून एका सरकारी दंत महाविद्यालयाच्या हिरड्यांच्या विभागात दाखवलं.

तिथल्या मॅडमनी आधी ओपीजी पाहिलाच नाही. त्यांनी प्रोब घेतला. ही एक बारीक, बोथट टोकाची सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. हिरडी आणि दात यांच्या फटीत ती हलकेच घालायची आणि किती आत जाते ते वाचायचं. एका दाताला सहा ठिकाणी, बाहेरून तीन आणि आतून तीन. मॅडम आकडे बोलत होत्या, "तीन, चार, सहा… रक्त… पाच, चार, सात," आणि शिकाऊ डॉक्टर तक्त्यात लिहीत होती. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून खोल जाऊ लागलं की तिथे पॉकेट तयार झालंय, म्हणजे हिरडी दातापासून सुटलीय. मग दोन हत्यारांच्या दांड्यांमध्ये एकेक दात धरून हलवून पाहिला. बाजूला एक मिलिमीटरपर्यंत हलला तर पहिली श्रेणी, त्याहून जास्त हलला तर दुसरी, आणि दाबल्यावर खालीवर होऊ लागला तर तिसरी. दाढेची मुळं जिथे फुटतात तिथलं हाड गेलंय का, हे वाकड्या टोकाच्या प्रोबने वेगळं पाहिलं.

यातलं काहीही पुण्यात झालं नव्हतं. ओपीजीत जबड्याचं एकंदर चित्र मिळतं, पण पुढच्या दातांवर मानेच्या मणक्याची सावली येते आणि पॉकेटची खोली त्यात दिसतच नाही. म्हणून मॅडमनी संशयास्पद दातांचे छोटे एक्स-रे वेगळे काढले.

काढलेल्या सहा दातांबद्दल मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मापं कुणी घेतलीच नाहीत, त्यामुळे आता छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण या फोटोत त्या मुळांभोवती निम्म्याहून जास्त हाड दिसतंय. मी आधी सफाई केली असती आणि थांबले असते."

हा 'थांबणं' भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सुजलेल्या हिरडीतला दात खरा असतो त्यापेक्षा जास्त हलतो. वरचं किटण काढून मुळं आतपर्यंत साफ केली की सूज उतरते, हिरडी घट्ट बसते, हलणं बऱ्याचदा कमी होतं. म्हणून सफाईनंतर काही आठवडे जाऊ देतात, पुन्हा तीच मापं घेतात आणि मग ठरवतात: कुठे भागलं, कुठे हिरडी उघडून फ्लॅप सर्जरी करावी लागेल, कुठला दात जाणार. सफाईने दात ढिले होतात असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात. प्रत्यक्षात किटण निघाल्यावर आधीच पडलेल्या फटी उघड्या दिसतात, एवढंच. हीच भीती त्या मुलीने आईला घातली होती.

काही दात वाचत नाहीत, हेही खरं आहे. हाड मुळाच्या टोकापर्यंत गेलंय, दात खालीवर होतोय, पुन्हा पुन्हा पू धरतोय, असा दात ठेवून उपयोग नसतो. आईच्या खालच्या दोन दाढा मॅडमनीही काढल्याच, पण कारण दाखवून, शुगर आटोक्यात आणून, मराठीत समजावून. बाकीचे दात सफाईनंतर टिकले आहेत. मिश्री सुटली आहे, ठरावीक महिन्यांनी तपासणी चालू आहे. हिरड्यांचा आजार आणि शुगर एकमेकांना बिघडवतात, हे त्या मुलीचं बोलणं खोटं नव्हतं. पण त्यासाठी हिरड्यांवर उपचार करायचे असतात. ज्या तोंडात पायरिया झाला आणि शुगर चढलेली आहे, तिथे इम्प्लांटभोवतीचं हाडही तसंच झिजू शकतं. हे सांगायला मात्र ती विसरली नाही, तिने ते लपवलं.

सगळे किंवा बरेच दात काढायला सांगितले तर तिथल्या तिथे तक्ता मागा. प्रत्येक दाताची मापं, हलण्याची श्रेणी, काढायचं कारण. खरोखर तपासलं असेल त्या डॉक्टरांकडे हा कागद असतोच. आजाराची अवस्था विचारा. 2018 पासूनच्या वर्गीकरणात ती एक ते चार अशी लिहितात. आमच्या केसपेपरवर फक्त 'जनरलाइज्ड पायरिया, फुल माउथ एक्स्ट्रॅक्शन' एवढंच होतं. 'आजच ठरवा' म्हटलं की उठून या. पायरियाने हाड झिजायला वर्षं लागतात, दुसऱ्या डॉक्टरांकडे जाईपर्यंतच्या आठवड्यात काही बिघडत नाही. अपवाद चेहऱ्यावर सूज, ताप किंवा ठणका यांचा; तेव्हा ताबडतोब जा, पण तेव्हाही उपचार त्या एका दातावर होईल. दुसरं मत हिरड्यांच्या एमडीएस (दातांच्या डॉक्टरांची पदव्युत्तर पदवी) डॉक्टरांकडून घ्या. मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं नायर आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय महाविद्यालयं आहेत. रांग लागते, पण तिथे कुणालाही तुमच्या दातांमागे कमिशन मिळत नाही.

आधीच फसला असाल तर एक्स-रे, केसपेपर, बिलं आणि संमतीपत्राची प्रत लेखी मागा, कर्ज देणाऱ्या कंपनीला लगेच मेल करून उपचार थांबवल्याचं कळवा. दवाखान्यांची सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केलंय. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. डॉक्टरांच्या वागणुकीची तक्रार राज्य दंत परिषदेकडे करता येते. आम्ही दोन्हीकडे अर्ज केलेत. न काढलेल्या दातांपोटी घेतलेलं कर्ज लेखी पाठपुराव्यानंतर रद्द झालं. सहा दातांचे पैसे परत मिळालेले नाहीत, आणि ते दात काढण्याआधी कोणती मापं घेतली, या आमच्या प्रश्नाला त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.