निकेल, तांबे की लोह? कार्बन डायऑक्साइडच्या रूपांतरासाठी सच्छिद्र कार्बनवरील उत्प्रेरकांची तुलना

कार्बन डायऑक्साइडपासून नेमके काय बनवायचे आहे हे आधी ठरवावे, कारण धातूची निवड त्यावरच अवलंबून असते. विजेच्या साहाय्याने कार्बन मोनॉक्साइड मिळवायचा असेल, तर नायट्रोजनयुक्त कार्बनमध्ये सुटे अणू म्हणून बसवलेले निकेल मला सर्वांत भरवशाचे वाटते. त्याची फॅरडे कार्यक्षमता (खर्च झालेल्या विजेपैकी हव्या त्या उत्पादनासाठी लागलेला वाटा) 90 टक्क्यांच्या वर गेल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे. तशाच रीतीने बसवलेले लोह कमी अतिविभवावर (सैद्धांतिक गरजेपेक्षा जास्त द्याव्या लागणाऱ्या विद्युतदाबावर) काम सुरू करते, पण तयार झालेला मोनॉक्साइड त्याला घट्ट चिकटून राहतो आणि वेग मंदावतो. निकेलच्या बाबतीत जपायचे ते उत्प्रेरक तयार करताना भट्टीत: तेथे अणू एकत्र येऊन कण बनले, तर तोच धातू पाण्यातून हायड्रोजन सोडू लागतो. आम्लाने धुतल्यावर उघडे कण निघून जातात. कार्बनच्या कवचात अडकलेले मात्र तसेच राहतात.

तांबे इथिलीन आणि इथेनॉलपर्यंत पोहोचते, परंतु उत्पादनांचे मिश्रण हाती येते आणि ते वेगळे करण्याचा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरावा लागतो.

हायड्रोजनसह उष्णतेने रूपांतर करायचे असेल, तर चित्र बदलते. सुमारे 300 ते 350 अंश सेल्सिअसला पोटॅशियमची जोड दिलेले लोह ओलेफिन (इथिलीनसारखी, दुहेरी बंध असलेली हायड्रोकार्बने) बनवते, आणि येथे कार्बनचा आधार (ज्यावर धातू बसवतात तो पदार्थ) खरोखर उपयोगी पडतो, कारण अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइड) हा नेहमीचा आधार लोहाला घट्ट बांधून ठेवतो, तर कार्बनवर त्याचे क्षपण (ऑक्सिजन निघून जाणे) सहज होऊन क्रियाशील कार्बाइड (लोह व कार्बनचे संयुग) तयार होते. मात्र साचलेली काजळी हवेत जाळून उत्प्रेरक पुन्हा ताजा करण्याची सोय कार्बनच्या आधारात नाही, कारण काजळीबरोबर आधारही जळतो.

रंध्रांच्या बाबतीत केवळ पृष्ठफळाच्या आकड्यावर जाऊ नये. सक्रियित कार्बनचे पृष्ठफळ ग्रॅममागे 1000 चौरस मीटरहून अधिक असू शकते, पण त्यातील बरेचसे 2 नॅनोमीटरहून अरुंद रंध्रांत असते आणि लांब साखळीचे रेणू तेथून सावकाश बाहेर पडतात. ओलेफिनसाठी 2 ते 50 नॅनोमीटरची मध्यरंध्रे असलेला कार्बन मी निवडेन.

मिथेन हवा असेल, तर निकेल स्वस्त आणि समर्थ आहे. तथापि तापमान चढले की ते आधारातील कार्बनचेही मिथेन करू शकते. म्हणून कार्बन डायऑक्साइड बंद करून, केवळ हायड्रोजन आणि आर्गॉन सोडून, त्याच तापमानाला एक चाचणी अवश्य घ्यावी. वायुवर्णलेखाच्या (वायूंच्या मिश्रणातील घटक वेगळे करून दाखवणाऱ्या आलेखाच्या) त्या नोंदीतही मिथेनचे शिखर टिकून राहिले, तर आधारच झिजत आहे असे समजून अॅल्युमिनाकडे वळावे.