प्लवक-जाळीचा संच : जाळी घ्या, कडी मात्र उद्यमनगरातून करून घ्या

कोल्हापुरातल्या विज्ञान-साहित्याच्या दुकानात महाविद्यालयांसाठी प्लवक-संच (प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव) म्हणून जो खोका विकतात, त्यात ३० सेंटिमीटर तोंडाची नायलॉनची जाळी, तिच्या शेपटीला लावायची बाटली, प्लवक मोजायचा काचेचा सेजविक-राफ्टर मोजणी-कक्ष, नमुने टिकवायचं फॉर्मलिन आणि विद्यार्थी सूक्ष्मदर्शक एवढं असतं. रंकाळा तलावाच्या पाण्यातले सायक्लॉप्स आणि डाफ्निया हे बारीक कवचधारी जीव वर्गात दाखवायला हा संच छान आहे. पण रत्नागिरी-मालवणला जाऊन वर्षानुवर्षं नमुने घ्यायचे आणि तापत्या समुद्राच्या खुणा त्यात शोधायच्या, असा बेत असेल तर तो आहे तसा वापरू नका.

प्लवक या कामाला इतके उपयोगी का? बहुतेकांचं आयुष्य काही दिवसांचं, फार तर वर्षा-दोन वर्षांचं. अंगाचं तापमान भोवतालच्या पाण्याइतकंच. आणि त्यांची मासेमारी जवळजवळ होतच नाही, त्यामुळे संख्या घटली तर अतिमासेमारीकडे थेट बोट दाखवता येत नाही. उत्तर अटलांटिकात १९३१ पासून जहाजांमागे ओढल्या जाणाऱ्या प्लवक-नोंदयंत्रात आजही २७० मायक्रॉनचंच रेशमी कापड असतं. त्याच नोंदींवरून कळलं, की ईशान्य अटलांटिकात उबदार पाण्यातले कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले बारीक प्लवक) सुमारे ४० वर्षांत १० अक्षांश उत्तरेकडे सरकले. साधन बदललं नाही म्हणून समुद्र बदलल्याचं दिसलं. या संचाला तीच कसोटी लावायला हवी.

कापड चांगलं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली भोकं एकसारखी दिसतात. २० आणि २०० मायक्रॉन असे दोन पर्याय मिळतात. कोपेपॉडसाठी २०० चं घ्या. खरी अडचण लांबीची आहे. जाळी ७५ सेंटिमीटरची शिवलेली आहे, आणि ३० सेंटिमीटर तोंडाला निदान ९० तरी हवी. बारीक कापडाला त्याहून जास्त. पावसाळ्यानंतर डायटम (एकपेशीय शैवाल) माजतात तेव्हा २० मायक्रॉनची आखूड जाळी काही मिनिटांतच चोंदते आणि पाणी आत न शिरता तोंडाशीच बाजूला फुटतं. तोंडाचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस मीटर. ५० मीटर ओढली तर साडेतीन घनमीटर पाणी गाळलं असं आपण धरतो. प्रत्यक्षात निम्मंच गाळलं गेलं असेल, तर समुद्रात काहीही न बदलता वहीत कोपेपॉड निम्मे होतात. संचात प्रवाहमापक नाही, म्हणून ही चूक पकडताही येत नाही. तो वेगळा घ्यावाच लागेल.

तोंडाची कडी रंग दिलेल्या साध्या लोखंडाची आहे. खाऱ्या पाण्यात रंग सुटतो, गंजाचे कण नमुन्यात उतरतात आणि मोजताना डोळ्यांना त्रास देतात. उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, ३१६ स्टेनलेसच्या ८ मिलिमीटर सळीची कडी कुणीही वाकवून, जोडून देईल. तिथूनच बाटलीसाठी स्टीलची होज क्लिप घ्या, कारण सोबतचं रबर ओल्या कापडावरून घसरतं आणि अख्खा नमुना समुद्रात जातो. कडीला बांधायच्या तीन दोऱ्या मोजून सारख्या करा. एक जरी बोटभर आखूड राहिली तरी जाळी तिरकी चालते आणि तोंडात शिरणारं पाणी घटतं. ओढायची ती माणूस चालतो त्या वेगाने; होडीवाल्याला हे आधीच सांगून ठेवावं.

फॉर्मलिनबाबत माहितीपत्रक अपुरं आहे. एक भाग फॉर्मलिन, नऊ भाग नमुना हे प्रमाण बरोबर, पण बोरॅक्सचा उल्लेखच नाही. फॉर्मलिन आम्लधर्मी असतं. बोरॅक्स घातला नाही तर टेरोपॉड (तरंगत्या बारीक गोगलगायी) आणि फोरामिनिफेरा (कवचवाले एकपेशीय जीव) यांची चुन्याची कवचं बरणीतच विरघळतात, आणि पुढे कुणीतरी त्याचा दोष समुद्राच्या आम्लीकरणाला देतो. रात्री चमकणारी एकपेशीय नॉक्टिल्युका फॉर्मलिनमध्ये आकसून ओळखू येत नाही. ती किनाऱ्यावरच जिवंत बघावी. आंबा घाटातून कोल्हापूरपर्यंत आणायची तर बाटली अर्धीच भरा आणि थंड पेटीत ठेवा. ती एकदा दिसली म्हणून तापमानवाढ सिद्ध झाली असं मात्र लिहू नका. पाण्यातला ऑक्सिजन, वारे, पोषकद्रव्यं हे सगळंच तिच्या मुळाशी असू शकतं.

मोजणी-कक्ष नीट आहे : ५० बाय २० मिलिमीटर, खोली १ मिलिमीटर, म्हणजे नेमका १ मिलिलिटर. माहितीपत्रकात त्यावर ४० पटीचं भिंग वापरायला सांगितलंय ते चूक. तेवढ्या खोलीत ते भिंग पोचत नाही, काचेवरच टेकतं. १० पटीचं वापरा, डायटम ओळखायला साधी स्लाइड करा. १०० पटीच्या तेल-भिंगाची या कामात गरज नाही, आणि सूक्ष्मदर्शक महाविद्यालयात असतोच.

थर्मामीटर संचात नाही, हे मला सर्वांत खटकलं. प्रत्येक ओढीला पाण्याचं तापमान, क्षारता आणि भरती-ओहोटीची वेळ वहीत हवी. जून-जुलैत यांत्रिक होड्या बंद असतात, तेवढा खंड दरवर्षी पडणार हे धरूनच आखणी करा.

दुकानदार जाळी सुटी देतात आणि सांगितलं तर लांब शिवूनही देतात. तेव्हा पूर्ण संच न घेता जाळी आणि मोजणी-कक्ष एवढंच घ्या. मायक्रॉनचा आकडा बिलावर लिहून घ्या आणि त्याच थानातलं जास्तीचं कापड आत्ताच मागा. पुढची जाळी वेगळ्या कापडाची आली, तर आधीच्या नोंदींशी तिची तुलना करता येणार नाही.